ठमी बंद टीव्हीपुढं बसते

दहिवली, ता. कर्जत
२४ नोव्हेंबर १९८५

आक्कास चंद्रभागेचा जयभीम.

माझं अक्षर ओळखशील की नाही कोण जाणे. बाबा गेले तेव्हा कडावला माहेरच्या ओट्यावर आपण दोघी दिवसभर शेजारी बसलो आणि एक शब्द बोललो नाही, त्याला पाच वर्षं झाली. तुझा नाशिकचा पत्ता काकांच्या येसाजीदादाकडून घेतला. तो म्हणाला, का गं, आता कसा लागला पत्ता? मी म्हटलं, पोरीच्या डोळ्यांचं विचारायचंय, आक्का नर्स आहे. ते खरंच आहे. तेवढ्यासाठीच लिहितेय.

माझी थोरली आता नऊ वर्षांची झाली. शाळेत तिचं नाव विशाखा, घरात आम्ही ठमी म्हणतो. धाकटा सुगत चार वर्षांचा. दसऱ्याच्या सुमारास ह्यांनी घरात टीव्ही आणला. खोपोलीला कंपनीत ह्यांच्या खात्यातल्या एकाने रंगीत घेतला, त्याचा जुना काळा-पांढरा आमच्याकडं आला. लाकडी पेटीतला आहे, पुढं सरकती दारं आहेत. पत्र्यावर अँटेना बसवलाय. वारा आला की चित्र पळतं. मग हे वर चढणार आणि आम्ही खालून ओरडणार, आलं, आलं, गेलं! रविवारच्या सिनेमाला सगळी आळी घरात येते.

बाकीची पोरं कार्यक्रम संपला की उठून जातात. ठमी उठत नाही. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि टीव्हीपुढं जाऊन बसते, काचेपासून वीतभर. त्या वेळी टीव्हीवर काहीसुद्धा नसतं, संध्याकाळ झाल्याशिवाय तो सुरू होत नाही. लावला तर नुसत्या मुंग्या दिसतात. पण ती लावतच नाही. काळ्या काचेकडं बघत बसते. मान वळवत नाही. हाक मारली तर मात्र लगेच ओ देते, जशी काही हाकेचीच वाट बघत होती.

गुरुजींनी निरोप पाठवला की वर्गात पेंगते, पाटीवर काही लिहीत नाही, पोटात दुखतं म्हणून सारखी घरी सोडा म्हणते. तू रोज डॉक्टरांत असतेस म्हणून विचारते. त्या काचेतून काही निघतं का? डोळ्यांवाटे डोक्यात जाऊन पोर बिघडते का? मला फार भीती वाटते आहे आक्का. तिच्या पाठीकडं बघितलं तरी वाटते.

मी बरी आहे. थोडी वाळले आहे, पण ते कामाचं. परवा भात करपला, त्याच्या आधी डाळ. टीव्हीच्या आवाजात लक्ष राहत नाही.

आणखी एक. आयचं ह्यांना काही माहीत नाही. लग्नाच्या वेळी बाबांनी तापाने गेली असं सांगितलं, तेच आजपर्यंत चालू आहे. म्हणून उत्तरात तो विषय नको. पोस्टमन कधीकधी पत्र ह्यांच्या हातात देतो.

चंद्रा


दहिवली
१५ डिसेंबर १९८५

आक्का,

तुझं पत्र मिळालं. काचेतून काही निघत नाही, लांब बसव, कर्जतला डोळे तपासून घे, हे दोन ओळींत उरकलंस. उरलेलं सगळं पान माझ्यावर. झोप लागते का, जेवण जातं का, सकाळी उठवतं का, रडू येतं का. मी पोरीचं विचारलं होतं. वॉर्डातल्या बाईला विचारावं तसं तू मला विचारतेस.

पत्र फाडून टाकलं. मग रोज भांडी घासताना तेच प्रश्न एकेक करून आठवत राहिले. म्हणून उत्तर देते. दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही.

पहाटे डोळे उघडायच्या आधीच छातीत धडधडायला लागतं. काय झालंय म्हणून आठवून बघते, तर काहीच झालेलं नसतं. तरी ती धडधड जात नाही, दिवसभर बरोबर हिंडते. भाकरी थापताना मध्येच हात थांबतो आणि पुढं काय करायचं ते सुचत नाही. सुगत रडला तर ऐकू येतं, पण लांबून, दुसऱ्याच्या घरात कुणाचं तरी मूल रडत असावं तसं. उठायला हवं हे कळतं. उठवत नाही. रडू येतं का म्हणून विचारलंस. आलं असतं तर बरं झालं असतं.

आणि टीव्हीचं खरं सांगायचं तर संध्याकाळी तो मीच लावते. हे दुसऱ्या पाळीला गेले की लावते आणि पोरांना पुढं बसवते. पोरांची तोंडं तिकडं असली की माझ्याकडं कुणी बघत नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसते. आत बाया बोलत असतात, गाणी चालतात, बातम्या होतात. कुणी आई म्हणून हाक मारत नाही. तेवढा वेळ मला सुटल्यासारखं होतं. मग वाटतं, माझ्याच हाताने मी पोरीला हे लावलं.

आय कुठं बसायची आठवतं का तुला? मोरीजवळच्या लाकडी मेढीला टेकून. तू नर्सिंगला गेलीस तेव्हा ती नुकतीच तिथं बसायला लागली होती. पुढचं तू सुट्टीत येऊन थोडं थोडं पाहिलंस. मी रोज पाहिलं. पदर सरकला तरी तिला कळायचं नाही. मी तो नीट करायचे.

नदीवर धुणं न्यायचं मी सोडलंय. आमच्या घरमालकीण धोंडूबाई सारख्या विचारतात, "चंद्रे, नदीला का येत नाय गं आताशा?" मी म्हणते गुडघे दुखतात. का जात नाही ते तुला समजेल. आणखी लिहीत नाही.

कुणाला तरी दाखव म्हणतेस. आयलासुद्धा तू दाखवलंस, इस्पितळात ठेवलंस. बाबांनी तिला परत आणलं ते चूक होतं की बरोबर, मला नाही ठरवता येत. पण तिथून आल्यावर गावात तिला कुणी नावाने हाक मारली नाही. बाबांच्या नावाने 'बुधाजीची येडी' एवढंच नाव राहिलं. माझ्या पोरांना तसं ऐकायला लागू नये.

आता हे पुरे. ठमीचे डोळे तपासले. चांगले आहेत.

चंद्रा


दहिवली
१९ जानेवारी १९८६

आक्का,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर जमलं नाही. इकडं घरात फार झालं.

गुरुजींनी ह्यांना शाळेत बोलावून घेतलं. ठमी मधल्या सुट्टीत दप्तर तिथंच टाकून घरी पळून येते, हे ह्यांना तिथं कळलं. घरी आले ते लालबुंद होऊन. ठमी टीव्हीपुढंच बसलेली होती. टीव्ही बंदच होता.

मला म्हणाले, "तुझ्या जिवाला विरंगुळा म्हणून हा डबा आणला मी. पोरगी वाया चालली ह्याच्यापायी." आणि पेटीची दोन्ही दारं सरकवून कडीला कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली.

ठमी कशी ओरडली ते मला लिहिता येणार नाही. ह्यांच्या हाताला लोंबकळली. "बाबा, दार नका लावू! मी कार्यक्रम नाय बघणार, कधीच नाय बघणार, पण दार नका लावू!" ह्यांनी तिला बाजूला केली तर तिने ह्यांच्या मनगटाला चावा घेतला. रक्त आलं. ज्या पोरीने कधी कुत्र्याला हाड म्हटलं नाही, तिने.

त्याच रात्री तिला ताप भरला. धोंडूबाई सकाळी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "दामू, पोरीला बाहेरचं हाय. त्या काचेतनं काय तरी शिरलंय. कळंबचा भगत चांगला हाय, नेऊन दाखव रं." हे शांतपणे म्हणाले, "काकू, आमी ते सगळं सोडलं. माझ्या बानं सोडलं. डॉक्टरला दाखवतो." कर्जतच्या डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला.

पण आता ठमी माझ्या मागं मागं असते. मी मोरीत गेले की मोरीच्या दाराशी. परसाकडं गेले की बाहेर उभी. झोपते तेव्हा माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून. आणि बघत राहते. डोळा न मिटता. टीव्हीपुढं होती तेव्हा निदान तिची पाठ असायची. हे तिला रागावले, "तुला आधी पण सांगितलंय, आईकडं टक लावून बघू नको गं, तिला त्रास होतो." मला वाटलं होतं ह्यांच्या काही लक्षात येत नाही. येत असावं.

परवा मी तिला मारलं. थोबाडीत. म्हटलं, "काय बघतेस? भूत आहे का मी?" ती रडली नाही, गालाला हातसुद्धा लावला नाही. "नाय बघत," म्हणाली, आणि बघतच राहिली.

आक्का, मला माझ्या पोरीची भीती वाटायला लागली आहे. तिला ठाऊक आहे असं वाटतं. काय ठाऊक आहे ते विचारू नकोस. माझ्या डोक्यात एक गोष्ट येऊन बसली आहे, ती मी कागदावर लिहीत नाही. लिहिली तर खरी होईल.

आता टीव्ही नाही, तर घरात आवाजच नाही. हे कामाला गेले की आम्ही तिघं आणि ती बंद लाकडी दारं.

चंद्रा


दहिवली
९ फेब्रुवारी १९८६

आक्का,

आम्ही सगळी जिवंत आहोत आणि बरी आहोत, हे आधी लिहिते. आता पुढचं वाच. हे तुला तार करणार आहेत. तारेत एवढं मावणार नाही म्हणून मी पत्र लिहितेय.

गुरुवारी दुपारी मी नदीवर गेले. धुणं घेऊन गेले असं ह्यांना त्या संध्याकाळी आधी सांगितलं. धुणं नव्हतं. बादली रिकामी होती, शेजारणींनी बघावी म्हणून नेलेली. हे कामावर होते. ठमीला सकाळी मीच समजावून शाळेत धाडलं होतं. सुगत झोपला होता, त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, दार ओढून घेतलं. तुला वाटेल पक्कं ठरवून गेले. नाही. पण ठरवलं नव्हतं असंही मला म्हणवत नाही. पाय जात होते आणि मी त्यांच्यामागून चालले होते.

घाटावर कुणी नव्हतं. भिवपुरीच्या वीजघराचं पाणी सोडलेलं होतं, त्यामुळं नदी भरून चालली होती. बादली दगडावर ठेवली आणि आत उतरले. गुडघ्याइतकं झालं. मग कमरेइतकं. पाणी गार होतं, आणि इतके महिने छातीत होती ती धडधड थांबली. आक्का, ती थांबली याचीच आता मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

तेवढ्यात मागून हाक आली. "आई."

ठमी काठावर उभी होती. शाळेचा फ्रॉक, एका हातात सुगतचा हात. सुगतच्या अंगात नुसता सदरा, झोपेतून उठवून आणलेला. धावत आली होती, छाती वरखाली होत होती. पण ओरडली नाही. अगदी सावकाश म्हणाली, "आई, सुगतला भूक लागलीय."

तो आवाज मी ओळखला. तो माझा आवाज होता. आय मेढीवरून उठून परसदाराकडं चालायला लागली की मी अशीच म्हणायचे, "आय, चूल पेटवायची हाय ना." घाबरवायचं नाही, हळू बोलायचं, घरातल्या कामाचं बोलायचं. मला कुणी शिकवलं नव्हतं. ठमीलाही कुणी शिकवलेलं नाही.

मी म्हटलं, "तू घरी जा. मी येते."

तिने माझ्याकडं बघितलं. मग सुगतला दगडावर बसवला, "हलू नको हां," म्हणाली, आणि पाण्यात शिरली. तिला पोहता येत नाही. चार पावलं आली आणि शेवाळलेल्या दगडावरून पाय सुटला. दिसेनाशी झाली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. पाणी तिला ओढत होतं. मी कशी पुढं गेले, काय धरलं, माहीत नाही. हातात वेणी आली. ओढली. काठावर आलो तेव्हा ती खोकत होती, मी खोकत होते, सुगत दगडावर बसून बोंबलत होता, पण हलला नव्हता. ठमीने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. तिला उलटी झाली तरी सोडलं नाही.

घरी येऊन तिचं अंग पुसलं, चहा पाजला. मग विचारलं, "तुला कसं कळलं मी नदीवर आहे?"

"तू सकाळी मला बघून हसलीस."

"म्हणजे?"

"तू हसत नाय ना आता. म्हणून भीती वाटली. गुरुजींना पोटात दुखतं सांगितलं. घरी तू नव्हतीस, बादली पण नव्हती."

मी तिची ओली वेणी सोडायला घेतली. मग म्हटलं, "ठमे, तू त्या टीव्हीत काय बघतेस गं?"

तिने मान खाली घातली. "टीव्ही नाय बघत. तुला बघते."

"मला?"

"काचेत दिसतेस. बंद असला की सगळं दिसतं. स्वयंपाकघराचं दार दिसतं, तू बसलेली दिसतेस. बाबा म्हणाले टक लावून बघू नको, आईला त्रास होतो. काचेत बघितलं की तुला कळत नाय."

"कधीपासून?"

"आधी आरशात बघायचे. पण आरसा छोटा हाय, तू निसटायचीस."

"आणि संध्याकाळचे कार्यक्रम?"

"ते सुगत बघतो," ती म्हणाली. "लावला की तू नीट दिसत नाय. मग मी आवाज ऐकते. भांड्याचा नायतर बांगड्यांचा. नाय आला तर पाणी प्यायला उठते."

आक्का, मी त्या पेटीला शिव्या घातल्या. गुरुजींनी घातल्या, ह्यांनी कुलूप घातलं, धोंडूबाईंना त्यात भूत दिसलं. आणि माझी पोर तिथं शाळा, खेळ, झोप सगळं सोडून माझी राखण करत बसली होती. आम्ही दारं लावली तेव्हा तिची माझ्यावरची नजर तोडली. म्हणून चावली.

तुला कधी सांगितलं नाही, आय विहिरीवर गेली त्या दिवशी मी शाळेत होते. परीक्षा होती. बाबाच म्हणाले, "जा गं, आज ती बरी हाय." खरंच बरी होती. माझी वेणी घालून दिली तिने, हसली. तू अंत्यविधीला आलीस तेव्हा मी तुझ्याशी बोलले नाही, कारण मला वाटत होतं तू गेलीस म्हणून सगळं माझ्यावर पडलं. तू तरी काय, वीस वर्षांची होतीस. आणि मी तेरा. ठमी नऊ आहे.

संध्याकाळी हे घरी आले. ठमीचे केस ओले बघून म्हणाले, "या वेळी न्हाणं?" मी म्हटलं, धुणं घेऊन नदीवर गेलो होतो. ह्यांनी ठमीकडं पाहिलं. ठमीने माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हो बाबा, धुणं होतं." डोळ्याची पापणी न हलवता.

तेवढं मला सोसलं नाही. पोरांना धोंडूबाईंकडं पाठवलं आणि ह्यांना सगळं सांगितलं. नदीचं, पहाटेचं, आयचं. विहिरीचंसुद्धा. मला वाटलं होतं ओरडतील, फसवून लग्न लावलं म्हणतील. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून टीव्हीचं कुलूप काढलं, दारं उघडी केली. परत येऊन माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "मला दिसत होतं गं. मला वाटलं माझ्याशी पटत नाय म्हणून अशी झालीस. विचारायची भीती वाटली." मग म्हणाले, "तुझ्या आक्काला बोलाव."

परवापासून हे रजेवर आहेत. मला एकटीला मोरीतसुद्धा जाऊ देत नाहीत. घरातली दोरी, रॉकेलचा डबा सगळं धोंडूबाईंकडं नेऊन ठेवलं. त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण त्या काही न विचारता भाकऱ्या देऊन गेल्या.

आक्का, मला त्या इस्पितळाची भीती वाटते. तिथल्या जाळ्या मी लहानपणी बघितल्या आहेत. पण पाण्यात गेल्यावर बरं वाटलं होतं, त्याची त्याहून जास्त वाटते. मला आय व्हायचं नाही.

ये.

चंद्रा


दहिवली
४ मे १९८६

आक्का,

तू नाशिकला परत गेल्याला महिना होऊन गेला. पोचल्याचं पत्र मिळालं. ठमीला पाठवलेल्या रिबिनी तिने अजून वापरल्या नाहीत, उशीखाली ठेवल्या आहेत.

तू विचारलं होतंस तेवढं आधी लिहिते. गोळ्या वेळेवर घेते. तोंड कोरडं पडतं आणि हात थोडे कापतात, हे अक्षरावरून दिसेलच. झोप लागते. पहाटेची धडधड आहे, पण उजाडलं की उतरते, दिवसभर हिंडत नाही. मधे दोन दिवस फार वाईट गेले. भाकरी थापताना हात परत थांबला. मी ह्यांना सांगितलं. सांगायचं असं तू बजावलं होतंस म्हणून सांगितलं, नाहीतर जीभ उचलत नव्हती. त्याच दिवशी हे मला मुंबईला घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मला ठेवून घेतील म्हणून मी लुगड्याच्या पदराशी चाळा करत घामाघूम झाले होते. ठेवून घेतलं नाही.

डॉक्टरांना मी एक विचारलं. मार्चमध्ये तू मला तिथल्या वॉर्डात ठेवलंस तेव्हाच विचारायचं होतं, धीर झाला नव्हता. म्हटलं, माझ्या आयला हे होतं, मला झालं, माझ्या पोरीला होईल का? ते म्हणाले, होईलच असं नाही, होणार नाही असं वचनही देता येत नाही. पण तुमच्या आईच्या वेळी घरात कुणी ह्यावर बोललं का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग तुम्ही बोलत जा. येताना गाडीत मी तेच घोकत होते. ही भीती जाणार नाही आक्का. ही माझ्याबरोबर राहील.

आळीत बोलतात. नळावर गेले की दोघी-तिघी गप्प होतात. एकीने सुगतला विचारलं, तुझी आई येड्यांच्या इस्पितळात होती ना रे? तो म्हणाला, हो, तिथं उसळ चांगली असते. मी त्याला भेटीच्या दिवशी भरवली होती, ती त्याने लक्षात ठेवली. धोंडूबाईंनी त्या बाईला असं झापलं, की आता ती माझ्या आधी माझी बादली भरून देते.

आता ठमीचं. तू जायच्या आदल्या दिवशी तिला मांडीवर घेऊन म्हणालीस, "विशाखा, तुझी ड्यूटी संपली. आता बाबांची आणि माझी." तिने मान हलवली होती. पण तू गेल्यावर परत टीव्हीपुढंच बसली. मी मग तिच्या शेजारी जाऊन बसायला लागले. दोघी काळ्या काचेकडं बघत बसायचो. हे आले की आमच्याकडं बघून हसायचे आणि मग तेही बसायचे. शाळेत जाते, पळून येत नाही, पण घरी येताना अजून धावतच येते. दारात थांबून आधी मला शोधते, मग चपला काढते.

आज रविवार. सुट्टी लागली आहे. जेवण झाल्यावर ठमी म्हणाली, मैनाबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. मैना म्हणजे धोंडूबाईंची नात. मी म्हटलं जा. हे सुगतला घेऊन केस कापायला गेले होते.

ती आली नाही. मी भांडी घासली, दाराशी जाऊन बघितलं. तांदूळ निवडले, परत बघितलं. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. दुकानदार म्हणाला, इकडं आल्याच नाहीत. माझ्या छातीत सुरू झालं. आधी मला वाटलं, आलं, तेच परत आलं, गोळी घ्यायला हवी. आणि मग उमगलं, की हे ते नाही. माझी मुलगी सापडत नाही आणि मी घाबरले आहे. कुठलीही आई घाबरेल तशी.

चपला न घालता पळाले. आधी नदी. घाटावर उभी राहून पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, तिचा पिवळा फ्रॉक कुठं दिसतो का म्हणून. दुसरं काही मनात आलं नाही. हे आता लिहिताना लक्षात येतंय. धुणं धुणारी एक बाई म्हणाली, "पोरी व्हय? त्या टेकाडाकडं गेल्या मघाशी, दंगा करीत."

ऊन रणरणत होतं. टेकाड चढताना पाय भाजले, काटा मोडला. वरून हसण्याचे आवाज आले. करवंदीच्या जाळीत चार-पाच पोरी घुसल्या होत्या. ठमी सगळ्यांत आत. फ्रॉक फाटलेला, हातावर ओरखडे, तोंड काळंजांभळं. एका पोरीशी भांडत होती, ही फांदी माझी, मी आधी बघितली.

"ठमे!" मी ओरडले. "किती शोधलं तुला! कुठं होतीस?"

तिने जाळीतून डोकं वर काढलं. मी तिथं कशी उगवले हेच तिला कळेना. "इथंच की," म्हणाली. "तू कशाला आलीस एवढ्या उन्हात? जा ना घरी. आमी येतो मागनं." आणि परत त्या पोरीकडं वळून म्हणाली, "ए, हात काढ आधी!"

मी काही वेळ उभी राहिले. तिने पुन्हा वर पाहिलं नाही. आक्का, अख्खी दुपार तिला माझी आठवणसुद्धा झाली नव्हती.

मी एकटीच टेकाड उतरले. घरी येऊन काटा काढला, आणि पायरीवर बसून हे लिहितेय. अजून धडधडतंय. ऊन कलायला आलं तरी त्या आलेल्या नाहीत, आणि तो करवंदांचा डाग फ्रॉकवरून निघणार नाही.

आल्या वाटतं. मैनाचा आवाज ऐकू येतोय. थांबते. तिचं तोंड धुवायला पाणी काढायचंय.

चंद्रा